वेग घेताना एसयूव्ही अडखळत असेल तर दोष कसा शोधावा आणि कसा दूर करावा

पेडल दाबले तरी गाडी लगेच उचल घेत नाही, क्षणभर रेंगाळते, एकदोन झटके देते आणि मग एकदम पुढे झेपावते, अशी तक्रार एसयूव्हीच्या मालकांकडून वारंवार ऐकू येते. ही गाडी मुळातच जड असते आणि तिच्यात बहुतेक वेळा सगळे कुटुंब सामानासह बसलेले असते. समोरून वाहन येत असताना पुढच्या गाडीला ओलांडायचे असेल, तर असा क्षणभराचा उशीरही जिवावर बेतू शकतो. त्यामुळे ‘पिकअप जरा कमी झाला आहे’ असे म्हणून हा दोष अंगवळणी पडू देऊ नये. मात्र दुरुस्तीची घाईही तितकीच नडते. आधी ठिणगी पाडणारा प्लग, मग त्याला उच्च व्होल्टेज देणारी कॉइल, मग इंधनाचा पंप असे एकामागून एक भाग अंदाजाने बदलत जाण्यात पैसा तर जातोच, पण त्याहून वाईट म्हणजे मूळ लक्षणे बदलत जातात आणि खरे कारण अधिकच झाकले जाते. गाडी नेमकी कोणत्या परिस्थितीत अडखळते हे नक्की होईपर्यंत एकही नवा भाग विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोष भाराखालीच का दिसतो

पेट्रोल इंजिनात १ भाग इंधनाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. पेडल दाबताच थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, उघडतो आणि हवा तत्काळ वाढते. इंधनाने त्याच वेगाने तिच्यामागे यायला हवे आणि सिलिंडरमधला दाब वाढलेला असतानाही ठिणगी पडायला हवी. दाब जितका जास्त तितके ठिणगीसाठी लागणारे व्होल्टेजही जास्त असते. आयडलवर, म्हणजे पेडल न दाबता इंजिन नुसते चालू असताना, यातले काहीच कसाला लागत नाही, त्यामुळे थकलेली कॉइल, अर्धवट तुंबलेला फिल्टर किंवा अशक्त पंप तेव्हा व्यवस्थित चालल्यासारखे वाटतात. म्हणूनच गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये रेस करून ‘इंजिन ठीक आहे’ असा निर्वाळा कोणी दिला, तर त्यावर विसंबून राहू नये. चाचणी रस्त्यावर, शक्यतो हलक्या चढावर आणि भाराखाली व्हायला हवी.

ही चाचणी दोघांनी मिळून करावी. एकाने केवळ गाडी चालवावी आणि दुसऱ्याने निरीक्षणे लिहून ठेवावीत. इंजिन थंड होते की गरम, गाडी थांबलेल्या स्थितीतून निघताना अडखळली की चालत्या वेगात, पेडल हलके दाबले होते की पूर्ण, एसी चालू होता का, टाकीत इंधन किती होते, हवा दमट किंवा पावसाळी होती का, हे सगळे नोंदवावे. या नोंदी किरकोळ वाटल्या तरी अर्धे निदान त्यांतच दडलेले असते. फक्त पूर्ण पेडल दाबल्यावर आणि वरच्या फेऱ्यांवर दम कमी पडत असेल, तर इंधनाचा पुरवठा अपुरा आहे किंवा एग्झॉस्टचा मार्ग तुंबला आहे, असा कयास करता येतो. थांबलेल्या गाडीतून निघताना पहिल्याच क्षणी खड्डा पडल्यासारखे वाटत असेल, तर थ्रॉटल बॉडी, हवा मोजणारा एमएएफ सेन्सर किंवा हवेची गळती यांच्याकडे पाहावे. दमट हवेत किंवा पावसात झटके वाढत असतील, तर संशयाची सुई प्लग आणि कॉइलकडे वळते. टाकी भरल्यानंतरची काही मिनिटेच त्रास होत असेल, तर टाकीतल्या वाफा इंजिनाकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकला असण्याची शक्यता मोठी असते, आणि ही शक्यता सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. टाकीत इंधन कमी असताना वळणावर किंवा चढावर गाडी मरगळत असेल, तर टाकीतला पंप इंधनाबरोबर हवाही ओढत असावा.

दोष इंजिनाचाच आहे ना?

इंजिनाला हात लावण्यापूर्वी ही खात्री करून घ्यावी. आरपीएमचा काटा झपाट्याने वर जातो, पण गाडीचा वेग त्या मानाने वाढत नाही, असे होत असेल तर इंजिन ताकद देत आहे आणि ती चाकांपर्यंत पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ आहे. अशा वेळी क्लच किंवा गिअरबॉक्स तपासावा लागतो. ऑटोमॅटिक गाडीत मध्यम, स्थिर वेगात हलके पेडल दिल्यावर गाडी खडबडीत पट्ट्यांवरून जात असल्यासारखी बारीक थरथरत असेल, तर टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचा) लॉक-अप क्लच, म्हणजे दोघांना थेट जोडणारा क्लच, घसरत असू शकतो. हे पारखण्याची एक सोपी युक्ती आहे. रस्ता पूर्ण मोकळा असताना, पेडल तसेच ठेवून ब्रेकला डाव्या पायाने ब्रेकचा दिवा लागण्यापुरता अगदी हलका स्पर्श करावा. त्यासरशी लॉक सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर प्लग आणि कॉइल निर्दोष समजावेत आणि गिअरबॉक्सच्या तेलापासून तपासणीला सुरुवात करावी.

टर्बो इंजिनात खालच्या फेऱ्यांवर थोडा उशीर होणे स्वाभाविक आहे, आणि इको मोडमध्ये पेडलचा प्रतिसाद मुद्दाम मंद ठेवलेला असतो. तुलना नेहमी गाडीच्या पूर्वीच्या वागण्याशी करावी. ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकत असेल तर गाडीचा संगणक स्वतःच ताकद कापत आहे हे ओळखावे. गाडी चालवून आणल्यावर एकच चाक इतरांपेक्षा बरेच गरम लागत असेल, तर त्याचा ब्रेक अडकलेला असतो. तेव्हा हात रिमजवळ न्यावा, डिस्कला लावू नये.

स्कॅनर काय सांगतो आणि काय सांगत नाही

स्टिअरिंगखाली, डॅशबोर्डच्या खालच्या भागात १६ पिनांचा निदान-सॉकेट असतो. त्यात स्कॅनर जोडून सर्वप्रथम संगणकात साठवलेले दोषांचे कोड आणि त्यांच्यासोबतची फ्रीज फ्रेम, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणीचे तापमान, वेग, फेरे आणि भार, लिहून घ्यावी. कोड पुसले की ही माहितीही नाहीशी होते, म्हणून पुसण्याची घाई करू नये.

पी०३०० म्हणजे अनेक सिलिंडरांत होणारे मिसफायर, म्हणजे इंधन नीट न पेटणे. पी०३०१ पासून पुढचे कोड विशिष्ट सिलिंडर दाखवतात. पी०१७१ आणि पी०१७४ मिश्रणात इंधन कमी पडत असल्याचे सांगतात, पी०२९९ टर्बोचा दाब अपुरा असल्याचे आणि पी००८७ इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरांच्या सामाईक नळीतला, म्हणजे रेलमधला, दाब घसरल्याचे. मात्र कोड हा निकाल नव्हे. पी०१७१ आला म्हणजे एग्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर बिघडला असे मानून तो बदलणारे पुष्कळ आढळतात. प्रत्यक्षात तो सेन्सर बहुधा आपले काम चोख करत असतो आणि खरी बातमी देत असतो.

चेक इंजिनचा दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल, तर मिसफायर इतके तीव्र असते की न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे एग्झॉस्टमधला धूर शुद्ध करणाऱ्या भागात, जाऊन तो तापतो आणि आतून वितळू शकतो. अशा वेळी पाय हलका करावा, गाडी सुरक्षित ठिकाणी थांबवावी आणि दुरुस्त होईपर्यंत तिच्यावर भार टाकू नये.

कोडपेक्षा मला चालू आकडेवारी अधिक मोलाची वाटते, आणि तिच्यात सर्वांत बोलकी असते ती फ्युएल ट्रिम. संगणक ठरलेल्या प्रमाणापेक्षा किती टक्के इंधन जास्त किंवा कमी सोडत आहे, हे ती सांगते. अल्पकालीन आणि दीर्घकालीन ट्रिमची बेरीज शून्याच्या आसपास, साधारण ५ टक्के वरखाली असेल, तर चिंता नको. ती १० टक्क्यांच्या वर सतत राहत असेल, तर संगणक कसली तरी उणीव भरून काढत आहे. आता हा आकडा आधी आयडलवर आणि मग मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर पाहावा. आयडलवर ट्रिम खूप वाढलेली आणि फेरे वाढवल्यावर ती खाली येते, असे दिसले तर इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांना, कोठेतरी हवेची गळती आहे, कारण गळतीतून येणारी हवा आयडलवर एकूण हवेचा मोठा हिस्सा असते आणि वरच्या फेऱ्यांवर ती नगण्य ठरते. याउलट आयडलवर सारे ठीक आणि भार वाढेल तशी ट्रिमही वाढत जाते, असे असेल तर पंप, फिल्टर किंवा हवा कमी मोजणारा एमएएफ सेन्सर यांचा संशय घ्यावा. व्ही रचनेच्या इंजिनात दोन्ही बाजूंची ट्रिम सारखीच वाढली असेल तर कारण सामाईक असते. एकाच बाजूची वाढली असेल तर त्या बाजूची गळती किंवा इंजेक्टर पाहावा. एमएएफ सेन्सर नसलेल्या, मॅनिफोल्डच्या दाबावरून हवा ठरवणाऱ्या इंजिनांना मात्र गळतीचा हा ठोकताळा तसाच लावता येत नाही. तेथे गळतीने ट्रिम वाढण्याऐवजी आयडलचे फेरेच वाढलेले दिसू शकतात.

हवेचा मार्ग

तपासणीची सुरुवात येथून करावी, कारण ती बिनखर्चाची असते आणि पुष्कळदा दोष येथेच सापडतो. एअर फिल्टरची पेटी उघडून तिच्यात पाने, धूळ किंवा उंदरांनी जमवलेला कचरा नाही ना ते पाहावे. त्यानंतर एमएएफ सेन्सर आणि थ्रॉटल बॉडी यांना जोडणाऱ्या रबरी होजकडे पुरेसा वेळ द्यावा. ही होज भात्यासारखी घडीदार असते आणि भेग बहुतेक वेळा वरून न दिसणाऱ्या खालच्या घडीत, क्लॅम्पच्या जवळ पडते. इंजिन बंद असताना होज हाताने वाकवून, घड्या एकेक उलगडून, टॉर्चच्या प्रकाशात पाहाव्या लागतात. सरळ असताना भेग मिटलेली असते. गाडी वेग घेताना इंजिन आपल्या माउंटवर एका बाजूला झुकते, होज ताणली जाते, भेग उघडते आणि न मोजलेली हवा आत शिरते. पेडल सोडले की ती पुन्हा मिटते. आयडलवर निर्दोष आणि निघताना अडखळणारी गाडी, हे कोडे कित्येकदा एवढ्या भेगेने सुटते. होज पुन्हा पुन्हा फाटत असेल तर इंजिन माउंट तुटले आहे का, तेही पाहावे. भेगेवर चिकटपट्टी लावणे हा घरी पोहोचण्यापुरता उपाय आहे. होज बदलणेच योग्य.

बारीक व्हॅक्यूम नळ्यांची गळती शोधण्यासाठी धूर सोडणाऱ्या यंत्राची चाचणी सर्वांत खात्रीची. गरम इंजिनावर ज्वलनशील स्प्रे मारून गळती शोधण्याची पद्धत प्रचलित असली तरी तिच्यात आगीचा धोका आहे आणि मी ती सुचवणार नाही.

एमएएफ सेन्सरची तार किंवा पातळ पापुद्रा धूळ आणि तेलाच्या थराने माखला की तो हवा कमी मोजतो. एक ढोबळ अंदाज असा की गरम इंजिन आयडलवर असताना दर लिटर क्षमतेमागे सेकंदाला साधारण १ ग्रॅम हवा दिसावी. सेन्सर याच कामासाठी मिळणाऱ्या क्लीनरनेच धुवावा, त्याला बोट, कापड किंवा ब्रश लावू नये आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नये. ब्रेक क्लीनर किंवा कार्ब्युरेटर क्लीनर यासाठी वापरल्यास सेन्सर कायमचा खराब होऊ शकतो. तेल लावलेला एअर फिल्टर वापरात असेल, तर सेन्सर पुन्हा माखू नये म्हणून फिल्टरवर जास्तीचे तेल राहणार नाही याची काळजी घ्यावी.

थ्रॉटल बॉडीच्या झडपेच्या कडेला काळा, चिकट थर साचला असेल तर पेडलच्या पहिल्या स्पर्शाला गाडी अडखळते. हा थर कापडावर क्लीनर घेऊन पुसावा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने जोर लावून ढकलू नये, त्याने आतले गिअर दुखावतात. साफसफाईनंतर अनेक गाड्यांना आयडल नव्याने शिकवावे लागते, त्याची पद्धत गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते. थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवरून इंधन वाहत नसल्यामुळे त्यांच्यावर कार्बन साचत जातो आणि टाकीत ओतायच्या क्लीनरचा त्याला काहीच उपयोग होत नाही, कारण ते इंधन तेथे पोहोचतच नाही. तो थर इनटेक काढून, अक्रोडाच्या टरफलांचा भुगा दाबाने मारून काढावा लागतो, आणि हे काम अनुभवी कारागिराकडूनच करून घ्यावे.

ठिणगी

प्लग इंजिन थंड असतानाच काढावेत, कारण इंजिनाच्या वरच्या भागाचे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या हेडचे, आटे गरम असताना सहज खराब होतात. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवावेत आणि भिंगातून पाहावेत. टोकाचा फिकट तपकिरी किंवा करडा रंग समाधानकारक असतो. कोरडी काळी काजळी जास्त इंधनाची, पांढरट आणि फोड आल्यासारखे टोक अतिउष्णतेचे, तर तेलकट काळपटपणा आत तेल येत असल्याचे लक्षण आहे. केवळ टोक पाहून थांबू नये. वरच्या पांढऱ्या पोर्सेलिनवर पेन्सिलीने उभी ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर भार वाढताच ठिणगी टोकाशी न पडता बाहेरून त्या रेघेवरून हेडकडे पळत आहे. अशी रेघ कॉइलच्या रबरी टोपीच्या आतही उमटलेली असते, म्हणून प्लग आणि टोपी दोन्ही बदलावे लागतात. एकच बदलल्यास नवा भागही लवकरच तसाच जळतो. प्लग बसतो त्या खोल विहिरीत तेल आढळले तर व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट बदलल्याशिवाय नवे प्लग टिकणार नाहीत.

प्लगच्या टोकांतील अंतर गाडीनुसार ठरलेले असते आणि ते झिजेने वाढत जाते. अंतर वाढले की कॉइलवरचा ताणही वाढतो. टर्बो इंजिनात हे अंतर सहसा कमी ठेवलेले असते, त्यामुळे एका इंजिनाचे माप दुसऱ्याला लावू नये. कॉइलची शंका असेल तर नवी घेण्यापूर्वी जागा बदलून पाहावी. कोड पी०३०२ असेल तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवावी, कोड पुसावेत आणि गाडी पुन्हा भाराखाली चालवावी. आता पी०३०३ आला तर कॉइलच दोषी आहे. कोड दुसऱ्यावरच राहिला तर हाच प्रयोग प्लगवर करावा. तरीही तो हलला नाही, तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर, वायरिंग आणि शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब, तपासावे.

इंधन

सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या मार्गात इंधन फवारणाऱ्या सर्वसाधारण पोर्ट इंजेक्शनच्या इंजिनात रेलमधला दाब बहुधा ३ ते ४ बार असतो, आणि पूर्ण पेडलवरही तो मॅन्युअलने दिलेल्या मर्यादेत टिकून राहिला पाहिजे. येथेही आयडलवरचा आकडा फसवा असतो. थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात दाब ५० पासून २०० बारपर्यंत आणि काहींत त्याच्याही वर जातो, आणि तो स्कॅनरवरच वाचावा. संगणकाने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. मागणी चढत असताना प्रत्यक्ष दाब घसरत असेल, तर महागड्या उच्चदाब पंपाला दोष देण्यापूर्वी टाकीतला कमी दाबाचा पंप, त्याला मिळणारे व्होल्टेज आणि फिल्टर तपासावेत. इंजिन बंद केल्यावरही नळ्यांमध्ये दाब शिल्लक असतो. उच्चदाबाची जोडणी घरी कधीही सैल करू नये आणि गळती हाताने चाचपू नये, कारण बारीक छिद्रातून सुटलेली धार त्वचा भेदून आत शिरते आणि अशी इजा वरून लहान दिसली तरी गंभीर असते.

डिझेल एसयूव्ही

डिझेल इंजिनात ठिणगी नसल्यामुळे संशयितांची यादी बदलते. सर्वप्रथम इंधनाचा फिल्टर आणि त्यात साचलेले पाणी पाहावे. त्यानंतर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागापर्यंत) आणि तेथून इंजिनापर्यंतच्या होज तपासाव्यात. वेग घेताना फुसफुस आवाज, मागे काळा धूर आणि पी०२९९ हा कोड, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर एखादी होज फाटली आहे किंवा क्लॅम्पवरून निसटली आहे हे जवळपास निश्चित. फाटलेल्या जागेभोवती तेलाचा ओलसर डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसते, त्यामुळे शोधणे अवघड नसते. होज शाबूत असतील तर एग्झॉस्टचा काही धूर परत इंजिनात सोडणारा पण उघडाच अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह आणि काजळीने जाम झालेली टर्बोची फिरती पाती यांच्याकडे वळावे.

फक्त छोट्या अंतरांसाठी वापरल्या जाणाऱ्या डिझेल गाड्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तुंबणे हा वेगळाच प्रश्न आहे. त्यातली काजळी जाळण्यासाठी एग्झॉस्टचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत जावे लागते आणि थोड्या अंतरात ते होत नाही. डीपीएफचा दिवा लागल्यावर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे गाडी सलग, मोकळ्या रस्त्यावर चालवून ही प्रक्रिया पूर्ण होऊ द्यावी. डीपीएफ कापून काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. प्रदूषणाचे नियम त्याला बहुतेक ठिकाणी परवानगी देत नाहीत आणि तो तुंबण्याचे मूळ कारणही तसेच राहते.

पेट्रोल गाडीत एग्झॉस्ट तुंबल्याची शंका असेल तर कन्व्हर्टरच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी दाबमापक लावता येतो. हे इंजिन थंड असताना करावे. मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर एग्झॉस्टमधला दाब सुमारे ०.२ बारपेक्षा जास्त जात असेल, तर मार्ग बंद होत आहे. कन्व्हर्टर आतून वितळला असेल तर त्याआधी बहुधा मिसफायर झालेले असते, तेव्हा ते कारण दूर केल्याशिवाय नवा बसवू नये.

एवढे करूनही काही हाती लागले नाही, तर पेडलच्या सेन्सरकडे यावे. त्यात दोन स्वतंत्र संकेत असतात आणि संगणक ते सतत पडताळत असतो. इग्निशन चालू, इंजिन बंद असताना पेडल अगदी सावकाश खालपर्यंत दाबून दोन्ही आकडे विनाखंड चढतात का ते स्कॅनरवर पाहावे. मधेच एखादा आकडा कोसळला तर तोच दोष. इंजिन आणि बॅटरी यांच्यामधल्या अर्थिंगच्या पट्टीवर भाराखाली ०.२ व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली तर ती जोडणी स्वच्छ करून घट्ट करावी.

दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावर, त्याच भाराखाली, पहिल्या नोंदींशी ताडून गाडी चालवावी. कोड पुसल्यावर संगणकाच्या स्वयंचाचण्या पुन्हा पूर्ण व्हायला काही प्रवास लागतात, त्यामुळे दिवा विझला म्हणजे दोष गेला असे लगेच समजू नये. दीर्घकालीन ट्रिम पुन्हा शून्याजवळ स्थिरावली आणि फ्रीज फ्रेममध्ये नोंदलेल्या परिस्थितीत मिसफायरचा आकडा वाढला नाही, तर दुरुस्ती पक्की झाली. गाडी अडखळणे थांबले, पण ट्रिम मात्र अजूनही १० टक्क्यांच्या आसपास रेंगाळत असेल, तर दुसरी एखादी गळती शिल्लक आहे; तेव्हा पुन्हा आयडल आणि २,५०० फेरे या दोन आकड्यांपासून सुरुवात करावी.